कव्हरच्या मागची नावं: जुन्या जॅझ रेकॉर्ड्स आणि आपली माणसं

नेहमीप्रमाणे हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांना एपिसोडमधली नावं नीट बघून मग ॲपवर शोधायची आहेत, त्यांच्यासाठी.

आजचा विषय जॅझ. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. जॅझ म्हणजे आपला प्रांत नाही, ते न्यूयॉर्कवाल्यांचं किंवा फार तर महागड्या कॅफेमधलं संगीत, असं वाटत असेल तर एक नाव सांगतो. केशव साठे. मुंबईत १९२८ साली जन्मलेला हा तबलावादक १९५६ मध्ये इंग्लंडला गेला आणि १९६० च्या दशकात युरोपातल्या काही अत्यंत गाजलेल्या जॅझ रेकॉर्ड्सवर वाजवून बसला. त्यातल्या अनेक रेकॉर्ड्स आज नव्यानं निघतात, जगभरातले लोक त्या विकत घेतात. आणि पुण्यात, जिथे दर तिसऱ्या घरात कुणीतरी तबला शिकलेलं असतं, तिथे हे नाव किती जणांना माहीत आहे? मी माझ्या टीममध्ये विचारलं. बारा जण, त्यात दोघं तबल्याच्या परीक्षा दिलेले. एकालाही माहीत नव्हतं.

तर आज जुन्या जॅझ रेकॉर्ड्सच्या रीइश्यूबद्दल बोलू. कोणत्या ऐकाव्यात हे सांगणारच आहे. पण त्याआधी हेही बघू की कुठल्या रेकॉर्ड्स परत येतात, कुठल्या येत नाहीत, आणि ते कशावर ठरतं.

रीइश्यू म्हणजे नक्की काय?

साधं उत्तर: जुनी रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणणं. पण हे काम झेरॉक्स काढण्याइतकं सोपं नाही. एक मस्त उदाहरण आहे.

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा जॅझमधला बहुतेक सर्वांत प्रसिद्ध अल्बम. तो रेकॉर्ड झाला १९५९ साली, २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवसांत. पहिल्या दिवशी स्टुडिओतलं मुख्य टेप मशीन ठरलेल्या वेगापेक्षा किंचित हळू चालत होतं. आता गंमत बघा. हळू फिरणाऱ्या टेपवर रेकॉर्ड केलेलं संगीत योग्य वेगानं वाजवलं, की सूर चढा लागतो. त्यामुळे रेकॉर्डच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळपेक्षा जराशा चढ्या सुरात छापल्या गेल्या. लोक त्या रेकॉर्डसोबत स्वतःचं वाद्य वाजवायला बसायचे आणि सूर जुळायचाच नाही. हे सगळं १९९२ पर्यंत चाललं. त्या वर्षीच्या रीइश्यूच्या वेळी दुसऱ्या मशीनवरची टेप वापरली गेली. सेशनच्या वेळी खबरदारी म्हणून एक जादा मशीन चालू ठेवलं होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. तेहतीस वर्षांनी अल्बम मूळ सुरात आला.

मी दिवसभर सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे ही गोष्ट मला फारच आवडते. बॅकअप होता म्हणून बग सापडला आणि सुधारला. टेप कुणीतरी जपून ठेवली, डब्यावर तारीख लिहिली, कोण वाजवतंय ते लिहिलं, म्हणून हे शक्य झालं. रीइश्यूचं सगळं गणित या दोन गोष्टींवर आहे: टेप आणि नोंद. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दहा माणसं, पाच आणि पाच

आता साठ्यांकडे येऊ. १९६५ मध्ये लंडनला एक प्रयोग झाला. डेनिस प्रेस्टन नावाच्या निर्मात्यानं दोन माणसांना एकत्र आणलं. एक जॉन मेयर, कोलकात्यात वाढलेला अँग्लो-इंडियन व्हायोलिनवादक आणि संगीतकार. दुसरा जो हॅरियट, जमैकाहून आलेला अफलातून सॅक्सोफोनवादक. त्यांनी दहा जणांचा ताफा केला आणि त्याला नाव दिलं 'डबल क्विंटेट'. पाच जण जॅझचे, पाच जण मेयरच्या बाजूचे. १९६६ साली अल्बम आला: 'इंडो-जॅझ स्वीट'.

मेयरच्या बाजूला कोण होतं? मेयर स्वतः व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्डवर, दिवाण मोतीहार सतारीवर, ख्रिस टेलर बासरीवर, केशव साठे तबल्यावर आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैगांका. हे शेवटचं नाव मी कव्हरवर छापलंय तसंच लिहिलंय. 'पैंगीणकर' किंवा 'पैंगणकर' अशी आडनावं ऐकलेल्या कुठल्याही कोकणी-मराठी माणसाच्या भुवया इथे उंचावतील.

जॅझच्या बाजूला हॅरियटसोबत पियानोवर पॅट स्मिथ, ड्रम्सवर ॲलन गॅन्ली आणि बेसवर रिक लेअर्ड. हा लेअर्ड पुढे जॉन मॅकलॉफ्लिनच्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'मध्ये गेला. म्हणजे भारतीय संगीत आणि रॉक-जॅझ यांचा जो मोठा संसार १९७० च्या दशकात जगानं पाहिला, त्याच्या आधीचं साखरपुड्याचं जेवण इथे झालेलं दिसतं.

अल्बममध्ये चार रचना आहेत. त्यातल्या दोन थेट रागांच्या नावाच्या: राग मेघ आणि राग गौड सारंग. सवाई गंधर्वला मांडी घालून रात्र काढणारे काका ही रेकॉर्ड ऐकून पहिल्या दोन मिनिटांत म्हणतील, "हा काय मेघ आहे?" म्हणू देत. त्या चौकटीत ऐकायला गेलात तर निराश व्हाल. मेयरनं बरंचसं संगीत आधी कागदावर लिहून दिलं होतं, आणि रागाची बढत आपल्याकडे जशी होते तशी इथे होत नाही. इथे ऐकायचा तो हॅरियटचा सॅक्सोफोन. खाली तंबोरा चालू आहे, तबला ठेका धरून आहे, आणि वर तो माणूस पिंजऱ्यातून सुटल्यासारखा वाजवतोय.

हे जुळलं तरी कसं?

थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगतो. १९४० आणि ५० च्या दशकातलं बरंचसं जॅझ कॉर्ड्सवर उभं होतं. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर. ते दर काही मात्रांनी बदलतात आणि वाजवणारा त्या बदलांवरून उड्या मारत जातो. रस्ता सारखा वळणं घेतोय आणि तुम्ही बाइक चालवताय, तसं.

आपल्या रागसंगीतात कॉर्ड बदलत नाहीत, कारण कॉर्डच नसतात. षड्ज स्थिर असतो. रस्ता सरळ, पण बाजूचं रान अफाट. त्यामुळे दोघांना एकत्र बसवणं अवघड होतं.

'काइंड ऑफ ब्लू'नं नेमकं हेच बदललं. डेव्हिसनं कॉर्ड्सची गर्दी कमी केली आणि एकेका स्वरसप्तकावर बराच वेळ थांबायला सुरुवात केली. याला 'मोडल' जॅझ म्हणतात. मोड म्हणजे ढोबळमानानं आपल्या थाटाचा लांबचा चुलत भाऊ. त्यातच वाजवणारा जॉन कोल्ट्रेन पुढे रविशंकरांच्या संगीताकडे ओढला गेला, १९६१ मध्ये त्यानं 'इंडिया' नावाची रचना रेकॉर्ड केली आणि मुलाचं नावच रवी ठेवलं. म्हणजे १९६५ मध्ये मेयर आणि हॅरियट भेटले तेव्हा जॅझनं आधीच अर्धा रस्ता चालून आणला होता. उरलेला अर्धा साठ्यांसारख्या माणसांनी आपल्या बाजूनं चालायचा होता, आणि ते चालले.

साठे इथेच थांबले नाहीत. १९६७ मध्ये जर्मनीत 'जॅझ मीट्स इंडिया' नावाचा अल्बम झाला. स्वित्झर्लंडची पियानोवादक इरेने श्वायत्सर आणि तिचे साथीदार एका बाजूला. दिवाण मोतीहार, केशव साठे आणि तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर दुसऱ्या बाजूला. 'इंडो-जॅझ स्वीट' जर कडक इस्त्रीचा सदरा असेल, तर हा अल्बम म्हणजे मोकळा सोडलेला झब्बा. इथे लिहिलेलं कमी आणि उत्स्फूर्त जास्त. त्यात एका रचनेचं नाव आहे 'ब्रिगाख अँड गँजेस'. ब्रिगाख ही जर्मनीतली छोटीशी नदी, डॅन्यूबच्या उगमाकडची. एक नदी आपल्याकडची, एक त्यांच्याकडची. पुढे १९७७ मध्ये साठे ब्रिटिश लोकसंगीताच्या जॉन रेनबॉर्न ग्रुपमध्येही तबला वाजवताना सापडतात. २०१२ मध्ये ते गेले.

गोव्यासाठी एक संथ गाणं

दुसरं नाव अमान्सिओ डिसिल्वा. १९३६ साली मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या कुटुंबातला गिटारवादक. १९६७ मध्ये तोही लंडनला गेला. तिथे १९६९ मध्ये त्याचा 'इंटिग्रेशन' हा अल्बम झाला, डॉन रेंडेल आणि इयन कार या त्या काळच्या नामवंत ब्रिटिश वादकांसोबत. रचनांची नावं बघा: 'गँजेस', 'जयपूर', 'महाराणी'.

त्याच वर्षी जो हॅरियटसोबत 'हम दोनो' रेकॉर्ड झाला. हो, हिंदीतलंच नाव. यात नॉर्मा विन्स्टन नावाची गायिका शब्दांशिवाय गाते, तिचा आवाज एखाद्या वाद्यासारखा सॅक्सोफोनच्या बाजूनं सरकतो. यातल्या एका रचनेचं नाव आहे 'बॅलड फॉर गोवा'. बॅलड म्हणजे संथ, मायेनं वाजवलेली रचना. लंडनच्या थंडीत जमैकाचा एक माणूस आणि मुंबईचा गोवेकर, दोघंही घरापासून हजारो मैल दूर, गोव्यासाठी वाजवतायत. कुणीही 'फ्यूजन' वगैरे शब्द न वापरता हे ऐकावं. हॅरियट १९७३ च्या जानेवारीत गेला, वय ४४. शेवटची वर्षं फार हलाखीत गेली.

डिसिल्वाचा आणखी एक अल्बम तर आपल्यासाठीच असल्यासारखा आहे. नाव 'कोंकण डान्स'. रेकॉर्ड झाला १९७२ मध्ये आणि पडून राहिला. बाजारात पहिल्यांदा आला २००६ मध्ये, म्हणजे ३४ वर्षांनी. डिसिल्वा १९९६ मध्येच गेला होता. स्वतःचा अल्बम त्यानं कधी दुकानात पाहिला नाही.

पण मुद्दा असा की तो आला. कारण लंडनच्या त्या व्यवस्थेत टेप कुठेतरी ठेवलेली होती आणि त्यावर कोण वाजवतंय ते लिहिलेलं होतं. २००२ मध्ये जाइल्स पीटरसन या डीजेनं जुन्या ब्रिटिश जॅझचा एक संग्रह काढला, तरुण मंडळी या रेकॉर्ड्सच्या मागे लागली आणि बाजार तयार झाला. मागणी आली तेव्हा माल गोदामात होता.

आणि मुंबईत?

आता वाईट बातमी. हीच माणसं ज्या मुंबईतून निघाली, तिथे जॅझ काही कमी नव्हतं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडमास्टर आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक आले. त्यांच्या बँडमध्ये गोव्याची पोरं शिकली. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, लहानपणीच शिकवली जायची. कागद समोर ठेवला की वाजवलं, इतकी तयारी.

त्यातला एक आल्दोना गावचा अँटोनिओ झेवियर वाझ, जगाला माहीत झाला तो 'चिक चॉकलेट' या नावानं. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलं आणि क्लबांचा धंदा बसत गेला आणि ही मंडळी मोठ्या संख्येनं फिल्म स्टुडिओकडे वळली. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. १९५१ चा भगवानदादांचा 'अलबेला' आठवा. २०१६ मध्ये मंगेश देसाईंचा 'एक अलबेला' पाहिला असेल तर लगेच आठवेल. त्या सिनेमातला ट्रम्पेट, ते बोंगो, तो झुलता ठेका, हे सगळं चिक चॉकलेट आणि मंडळींचं. पडद्यावरही तो बँड दिसतो.

पण ७८ च्या तबकडीच्या लेबलवर काय असायचं? सिनेमाचं नाव, गायक, संगीतकार. बस. ट्रम्पेट कुणी वाजवला, बोंगो कुणी, वाद्यमेळ कुणी बांधला, कुठेच नाही. शंकर-जयकिशनांच्या कितीतरी गाण्यांचा वाद्यमेळ बांधणारा सेबॅस्टियन डिसूझा आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस तर नशीबवान. त्याचा शिष्य प्यारेलाल, म्हणून १९७७ मध्ये अमिताभच्या तोंडी त्याचं नाव आलं. तरी लोकांना वाटतं की ते पात्र काल्पनिक आहे.

फरक लक्षात आला ना? साठे लंडनला गेले आणि कव्हरवर नाव छापलं गेलं, म्हणून आज मी तुम्हाला ते सांगू शकतोय. चिक चॉकलेटच्या शेजारी बसून दादर-अंधेरीच्या स्टुडिओत वाजवणारा एखादा साठे किंवा फर्नांडिस, त्याचा रकाना रिकामा आहे. डेटाबेसमध्ये रकाना रिकामा असला की सर्चला तो माणूस दिसत नाही. सर्चला दिसला नाही की कुणी मागत नाही. आणि कुणी मागितलं नाही की रीइश्यू होत नाही. वाजवणाऱ्यांत कुणी कमी-जास्त नव्हतं. फरक पडला तो कागदावरच्या एका ओळीनं.

आणि आपल्या ॲप्सनी हा प्रकार सुधारलेला नाही. रेकॉर्डच्या मागच्या कव्हरवर दहाच्या दहा नावं असायची. फोनवर दिसतं एक नाव आणि एक चौकोनी फोटो. बाकीचे नऊ जण शोधायला तुम्हाला तीन मेनू उघडावे लागतात, तेही कुणी माहिती भरली असेल तर.

कायदा अडवतोय का?

बरेच जण म्हणतात, कॉपीराइटमुळे काही करता येत नाही. पूर्ण खरं नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९५१ च्या तबकडीवरचं ध्वनिमुद्रण २०१२ च्या सुरुवातीलाच मोकळं झालं. चाल आणि शब्दांचा हक्क मात्र वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या चालींचा हक्क अजून शाबूत आहे. त्यामुळे नव्यानं विकायचं असेल तर परवानगी लागेलच. पण तबकडी जपायला, तिच्यावरची माहिती टिपायला, वाजवणाऱ्यांची नावं शोधायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. आडवा येतो तो आपला आळस.

तेव्हा दोन कामं सांगतो.

पहिलं काम घरातलं. आजोबांच्या माळ्यावर किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ७८ च्या तबकड्या दिसल्या तर दोन्ही बाजूंच्या लेबलचे फोटो काढा. लेबलभोवती कोरलेला नंबरही वाचता येईल असा टिपा, रेकॉर्डिंगची ओळख त्यावरून पटते. स्पिरिटनं पुसू नका. या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपीच्या सुईनं वाजवू नका. ७८ ची खाच जवळपास तिप्पट रुंद असते, बारीक सुई तळाशी घासत जाते आणि आवाजाऐवजी खरखर येते. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि कुटुंबात किंवा शेजारी कुणी जुन्या काळी स्टुडिओत, बँडमध्ये, पोलीस बँडमध्ये वाजवलेलं असेल तर फोनवर रेकॉर्ड करून घ्या: कुठल्या गाण्यात, कुठलं वाद्य, बाजूला कोण बसलं होतं. दहा मिनिटांचं काम आहे. दहा वर्षांनी ते करता येणार नाही.

दुसरं काम कानाचं. या क्रमानं ऐका:

१. 'काइंड ऑफ ब्लू', १९९२ नंतरचा कुठलाही रीइश्यू. मोडल म्हणजे काय ते कानाला कळेल.

२. 'इंडो-जॅझ स्वीट', त्यातही गौड सारंग. दुपारचा राग आहे, जेवणाच्या सुट्टीत ऐका. पहिल्यांदा सॅक्सोफोनकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त तबल्याकडे.

३. 'जॅझ मीट्स इंडिया'. दोन नद्यांची रचना शेवटपर्यंत ऐका, मध्ये सोडू नका.

४. 'हम दोनो'. 'बॅलड फॉर गोवा' रात्री, हेडफोन लावून.

५. 'कोंकण डान्स'. लाँग ड्राइव्हला, ताम्हिणी उतरताना. गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर उत्तम.

६. आणि सगळ्यात शेवटी 'अलबेला'ची गाणी. आधीच्या पाच रेकॉर्ड्स ऐकून झाल्यावर ती तुम्हाला नुसती जुनी हिंदी गाणी वाटणार नाहीत. गायक-गायिकेच्या मागे जी माणसं वाजवतायत, ती पहिल्यांदा ऐकू येतील.

ऐकताना कुणाचं नाव सापडलं, कुणाच्या काकांनी, मामांनी वाजवलेलं निघालं, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. जेवढी नावं येतील तेवढी पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला वाचून दाखवू, वाद्यासकट. चला, भेटू पुढच्या रविवारी.